नॉर्वेची होडी आणि पारवाडीची होळी

सातासमुद्रापलीकडच्या पोरांशी दोस्ती जोडायला निघालेल्या माझ्या दत्तूला खाडीपलीकडच्या पोरांशी बोलायची बंदी होती, आणि ती बंदी मीच घातली होती. यात कुणाला काही विपरीत वाटत असेल, तर त्याने आधी आमच्या खाडीकाठी चार दिवस राहून दाखवावं.

आमची वाडी कोंडखार. मांडव्याच्या धक्क्यावरून पायी निघालात तर पान खाऊन संपायच्या आत येते, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. खरं म्हणजे चांगली दोन-तीन पानं होतात. समोर खाडी, आणि खाडीच्या पलीकडे पारवाडी. ओहोटीला लुगडं वर खोचून चालत जावं एवढंच अंतर. दोन्ही वाड्यांचं वैर कशावरून, असं पुरुषांना विचाराल तर ते सांगतील की खाडीच्या तोंडाशी डोलीची जाळी कुणी कुठे लावायची त्यावरून. पुरुषांना वैराला असं काहीतरी भारदस्त कारण लागतं. खरं कारण असं की माझी नणंद नीराबाई, जी पारवाडीत दिलेली आहे, तिने माझ्या घरच्या पंगतीत कोलंबीच्या कालवणाचा घास घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, यात मीठ टाकायचं ऱ्हायलं का गो?"

मीठ होतं. सगळ्या पंगतीला लागलं, तिलाच लागलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातलं माणूस पारवाडीच्या माणसाशी बोललं नाही. आमच्या नाखव्यांची ती सख्खी बहीण, पण त्यांनीही माझं ऐकलं. ते तसेही फार बोलत नाहीत.

दत्तू म्हणजे दत्तात्रेय, माझा थोरला. मॅट्रिक झालेला, आणि 'कोंडखार नवतरुण मंडळा'चा चिटणीस. या मंडळाने तोवर देशासाठी काय केलं होतं ते सांगायचं तर गणपतीत आरास केली होती आणि एक कॅरम बोर्ड आणला होता. मग एकदा विकास योजनेचे साहेब जीपमधून आले. त्यांनी पोरांना आमच्या पडवीत बसवून सांगितलं, की आता देश आपला आहे, जगातल्या तरुणांनी एकमेकांचे हात हातात घेतले पाहिजेत. नॉर्वे म्हणून एक देश आहे, तिथे मासेमारी करणाऱ्या पोरांचं असंच मंडळ आहे, त्यांना पत्र लिहा. साहेब माझ्या हातचे सुरमईचे तुकडे खाऊन निघून गेले आणि विसरले असतील. दत्तू विसरला नाही. त्याने पत्र लिहिलं, तिकडून उत्तर आलं, असं करत करत त्या पोरांनी कळवलं की आपण दोन मंडळांचा करार करू. दोस्तीची खूण म्हणून त्यांच्याकडच्या होडीचे सगळे भाग कापून, रंगवून, खोक्यात भरून पाठवू. तुम्ही ती जोडा. फाल्गुनात आमची दोन माणसं येतील, होडी बघतील, कराराला सही करतील आणि तुमच्यातला एक पोरगा निवडून वर्षभरासाठी नॉर्वेला नेतील. तिथे तो होडीचं इंजिन आणि बांधणी शिकेल.

एकच पोरगा. हे वाचल्यापासून दत्तूचं जेवणात लक्ष राहिलं नाही. आमचा मचवा शिडाचा. वारा पडला की आमचे नाखवा भर समुद्रात तंबाखू मळत बसतात आणि मुंबईकडच्या इंजिनाच्या होड्या त्यांच्या नाकासमोरून मासळी घेऊन जातात. दत्तूला ते बघवत नसे. आणि मला? नॉर्वे कोणत्या दिशेला आहे हे मला आजही विचारू नका. पण रेवसच्या बाजारात, नीराबाई दोन पाट्या सोडून बसलेली असताना, "आमचा दत्तू काय, तो नॉर्वेला असतो" हे वाक्य सहज तोंडातून निघाल्यासारखं कसं काढायचं, याचा मी रोज मासळी धुताना सराव करत होते.

खोका मुंबईच्या गोदीत येऊन पडला आणि तिथेच बसला. दत्तू दोनदा जाऊन हात हलवत आला. तिसऱ्यांदा मी रेवसच्या लाँचीत त्याच्याबरोबर चढले. गोदीतल्या एका कचेरीत एक चष्मेवाले कारकून होते. खोक्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. दत्तूने खरं सांगितलं, होडी. त्यावर त्यांनी एक लांबलचक कागद काढला आणि विचारायला सुरुवात केली. होडी कोणत्या बंदरातून निघाली? वाटेत कुठे थांबली? तांडेल कोण? खलाशी किती? दत्तू घाम पुसत म्हणाला, साहेब, ती खोक्यातून आली. कारकून म्हणाले, ते ठीक आहे, पण होडी म्हटली की तांडेल लागतो, त्याच्या सहीशिवाय मी होडी सोडू शकत नाही.

मी दुसरीत शाळा सोडली. पण शहाणपण तिसरीपासून पुढे शिकवतात असं कुठे आहे? मी दत्तूला बाजूला सारलं आणि म्हटलं, "साहेब, पोराला काय कळतंय. हे लाकूड हाय."

कारकुनांचा चेहरा एकदम मोकळा झाला. लाकडाला तांडेल लागत नाही. त्यांनी दुसरा, चांगला आखूड कागद काढला, त्यावर 'किरकोळ लाकूड' असं लिहिलं, आणि हे लाकूडच असून दुसरं काही नाही अशा मजकुराखाली मी माझी सही केली. मला सही येते. त्यातला 'ड' जरा लांब जातो, पण येते. परतताना लाँचीत दत्तू कुरकुरत होता की आये, आपण खोटं लिहिलं. मी म्हटलं, होडी कशाची असते? लाकडाची. मग यात खोटं कुठलं अक्षर आहे ते दाखव. मॅट्रिक झालेल्या माणसाला दाखवता आलं नाही.

खोका फोडला तेव्हा सगळी वाडी जमली. पांढऱ्याशुभ्र फळ्या, एकेकीवर आकडे घातलेले, आणि होडीच्या टोकाचं, म्हणजे नाळेचं, लाकूड निळं रंगवून त्यावर पिवळं फूल काढलेलं. सोबत नकाशा. आमचा काळूराम सुतार तो नकाशा बराच वेळ बघत बसला. मग कुणीतरी त्याला तो सुलटा करून दिला. तो म्हणाला, ही होडी दोन्ही टोकांना निमुळती आहे, म्हणजे जायचं कुठे हे हिलाच ठाऊक नाही. शिवाय शिमगा होईतो नव्या होडीला हात लावायचा नसतो, असंही त्याने सांगितलं. असला नेम मी माझ्या जन्मात ऐकला नव्हता. मला वाटतं त्याच्याकडे रेवसच्या कुणाचं तरी कपाट अर्धवट पडलं होतं. पण सुताराने नेम सांगितला की तो नेम. पाहुणे शिमगा झाल्यावर येणार होते, तेव्हा घाई नव्हती.

फळ्या ठेवायच्या कुठे, यावर वाडीने मला भरपूर सल्ले दिले. घरात ठेवल्या तर वाळवी लागेल. पडवीत ठेवल्या तर पाहुणे कुठे बसतील. शेजारच्या मनुबाईने सगळ्यांवर ताण केली. ती म्हणाली, "झाकून ठिवू नको गो. झाकलं का नजर लागते. उघड्यावर ठिव, लोकांनी बगितलं का नजर फाकते, कुनाचीच लागत न्हाय." मनुबाईचं डोकं असं चालतं. पण लोकांनी बघावं हे मलाही हवंच होतं. आणि लोक म्हणजे पारवाडीचेही लोक आले. म्हणून खाडीकडच्या अंगणात, पलीकडच्या काठावरून नीट दिसतील अशा, मी त्या रचून ठेवल्या. निळी नाळ वरती.

मग तार आली. पाहुणे लवकर येताहेत, अमुक तारखेला मांडव्याला उतरतील. दत्तूने पंचांगात पाहिलं तर ऐन होळीचा दिवस. परदेशी माणसांकडे पंचांग नसतं, त्याला ते तरी काय करणार. काळूरामला बोलावणं गेलं. तो कपाटाबरोबर रेवसला गेला होता. दत्तू म्हणाला, असू दे, फळ्या तर दाखवता येतील. पाहुण्यांना कसं बसवायचं, काय खायला घालायचं, यातच पुढचे दिवस गेले. कुणी म्हणे ते काट्याचा मासा खात नाहीत, कुणी म्हणे ते काट्यानेच खातात. मी अलिबागहून पाव मागवून ठेवले आणि गप्प बसले.

होळीच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगण मोकळं. एक ढलपी शिल्लक नाही.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिमग्यात पोरं होळीसाठी लाकूड चोरतात. कुंपण, मोडकी खाट, गाडीचं चाक, जे बाहेर राहिलं ते गेलं. त्याला आम्ही चोरी म्हणत नाही. मालकाने मनसोक्त शिव्या द्याव्यात, तो त्याचा हक्क. पण लाकूड एकदा होळीवर चढलं की ते होळीबाईचं झालं. ते परत काढणं म्हणजे देवाच्या ताटातला घास उचलणं. त्याच साली आमच्या पोरांनी पारवाडीच्या देवळापुढचं बाकडं पळवून आणलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना पोहे केले होते. रीत चांगलीच आहे. फक्त ती दोन्ही बाजूंनी चालते, हे ऐन वेळी लक्षात राहत नाही.

मी काठावर गेले. पलीकडे पारवाडीची होळी उभी होती, दरवर्षीपेक्षा दुप्पट उंच, पांढरीशुभ्र, आणि शेंड्यावर निळी नाळ, पिवळं फूल आमच्याकडे तोंड करून.

दत्तू घरात जाऊन पाहुण्यांसाठी धुतलेला सदरा पुन्हा घडी घालून ठेवायला लागला. ते मला बघवलं नाही. मी तडक धर्मा पाटलाकडे गेले. धर्मा आमच्या वाडीचा पोलीस पाटील. मी म्हटलं, होडी चोरीला गेली, लिहून घे. धर्माने विचारलं, होडी कशावरून? कागद? मी कागद दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"मावशी, हितं तर किरकोळ लाकूड लिवलंय."

"मग?"

"मग शिमग्यात लाकूड गेलं म्हून मी तक्रार लिवू? पंचक्रोशी हसंल मला. आनि ही सही कोनाची?"

सही चांगली ठसठशीत आली होती. 'ड' तर विशेषच.

राहिली एक वाट. मी लुगडं खोचलं आणि ओहोटीच्या चिखलातून, सगळ्या कोंडखारच्या डोळ्यांदेखत, पारवाडीला निघाले. मागे मनुबाई ओरडून सांगत होती की डावीकडून जा, उजवीकडे चिखल मऊ आहे. डावीकडेच मी मांडीपर्यंत रुतले. म्हणजे नीराबाईच्या दारात मी पोचले ती कशी, हे मी सांगत नाही. तिने पाहिलं, एवढं पुरे.

नीराबाई पुरणपोळ्या लाटत होती. तिने आधी पाय धुवायला पाणी दिलं. वैर वैराच्या जागी. मी सगळं सांगितलं. फळ्या काय होत्या, कोण येणार आहे, आणि दत्तूचं काय जाणार आहे. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. तिच्या पोराने, सदूने, आणि त्याच्या सोबत्यांनी नुसतं चांगलं लाकूड बघून उचललं होतं. ती होडी आहे हे त्यांना तरी कुठे ठाऊक. एक क्षण मला वाटलं, हिला वाईट वाटतंय. मग ती उठून मला होळीपाशी घेऊन गेली.

"काड, वहिनी. मी सांगते पोरांना, तुला कोनी आडवायचं न्हाय. तूच हात घाल आनि काड."

तिला पक्कं ठाऊक होतं की मी घालणार नाही. होळीबाईपुढे उभं राहून शिव्या देता येतात, ती तर शिमग्याची रीतच. हात लावता येत नाही. मी पहिलं मनापासून केलं, दुसरं केलं नाही, आणि भरती लागायच्या आत घरी आले.

पाहुणे दुपार कलल्यावर आले. इंगा नावाची एक मुलगी, सुरमईसारखी लांब आणि गोरी, आणि लार्स नावाचा एक दाढीवाला. पाव त्यांनी बाजूला ठेवले आणि बोंबलाचं कालवण बोटं चाटून खाल्लं. मीठ बरोबर होतं, असं दत्तूने त्यांच्याकडून काढून मला सांगितलं. मग इंगाने विचारलं, होडी कुठे आहे?

दत्तूने मला आधीच बजावलं होतं की तो खरं सांगणार. मी त्याला बजावलं होतं की निदान हात धुऊन होईतो थांब. तो तोंड उघडणार तेवढ्यात पलीकडे ढोल वाजला आणि इंगाने वळून पाहिलं. निळी नाळ तिने तिथूनच ओळखली असावी. ती तशीच खाली काठाकडे चालू लागली. आम्ही सगळे मागे. नाखव्यांनी होडी काढली आणि आम्हांला पलीकडे नेलं. बऱ्याच वर्षांनी ते बहिणीच्या दारात उतरले, आणि तिच्याकडे बघून नुसते खाकरले.

पारवाडीची सगळी माणसं होळीभोवती होती. सदू आणि त्याची टोळी मागे सरकून उभी राहिली. इंगाने होळीला एक फेरी घातली, फळ्यांवरचे आकडे बघितले, आणि लार्सशी भराभर बोलली. मी मनात म्हटलं, झालं. आता दोन्ही वाड्यांची अब्रू एकाच होळीत. मग ती दत्तूकडे वळून बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. दत्तूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तो आम्हांला म्हणाला, "ती म्हनते, त्यांच्याकडंबी उन्हाळ्यात किनाऱ्यावर अशीच होळी करतात. तिच्यात जुन्या होड्या जाळतात. पन ती म्हनते, कामातनं गेलेली होडी कोनीबी जाळंल. दोस्तीसाठी कोरी होडी देवाला दिलेली तिनं कदी बगितली न्हाय. दोन गावांनी मिळून दिली म्हनते. हे कोनाच्या मनात आलं, असं इचारते."

खरं सांगावं तर आता ती वेळ होती. खरं सांगितलं असतं तर सदू चोर ठरला असता, दत्तू भला ठरला असता आणि नॉर्वे आमच्या घरात आलं असतं. मला हे सगळं दिसत होतं. मी दुसरी शिकलेली असले तरी आंधळी नाही. पण समोर नीराबाई होती. तिने पदर सावरला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं, आणि मला कळलं की ही आता म्हणणार, माझ्या.

"माज्या," मी म्हटलं.

दत्तूने माझ्याकडे पाहिलं, आणि तेच सांगितलं. इंगाने येऊन माझे दोन्ही हात धरले. पण नीराबाई का गप्प बसते?

"मनात तिच्या आलं असंल, पन आनलं कोनी? माज्या सदूनं. सांग, दत्तू, सांग तिला."

चोरीची बढाई मारणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. पण तो दाढीवाला लार्स एकदम पुढे आला. त्याला हेच जाणून घ्यायचं होतं की एवढ्या जड फळ्या पाण्यापलीकडे आणल्या कशा. सदूला ढकलून पुढे केलं. तो आधी लाजला, मग सांगायला लागला, की फळ्या वाहून आणल्या नाहीत. नाळ आणि बुडाची लाकडं मध्ये घालून त्यांचा तराफा बांधला, भरती कोणत्या खडकापाशी वळते ते धरून तिथे सोडला, आणि पाण्यानेच तो नेमका पारवाडीच्या वाळूवर आणून लावला. दोरीची गाठ कशी मारली तेही त्याने करून दाखवलं. दत्तू शब्दन् शब्द इंग्रजीत सांगत होता. मला इंग्रजी येत नाही, पण माझा मुलगा मन लावून सांगतोय की उरकतोय एवढं कळतं. तो मन लावून सांगत होता. जिथे सदू अडखळला तिथे त्याने आपल्या पदरची दोन वाक्यं घातली असावीत. सदूच्या एका वाक्याला दत्तूची दोन होत होती.

होळी पेटली. पांढरी फळी काय सुरेख जळते. निळ्या रंगाची ज्वाळा हिरवी होते, हे मला तेव्हा कळलं. ज्ञान कुठून मिळेल सांगता येत नाही. दोन्ही वाड्यांनी बोंबा मारल्या, इंगाने सगळ्यांहून मोठी मारली. त्या उजेडात लार्सने कराराचा कागद काढला, आमच्या मंडळाच्या नावाशेजारी पारवाडीचंही नाव घातलं, आणि दत्तूला काहीतरी सांगितलं. एकच वाक्य होतं.

त्या गर्दीत नीट इंग्रजी कळणारा दत्तू एकटा. तो काहीही सांगू शकला असता. ते म्हणाले मला नेतात, असं म्हटलं असतं तरी ढोल वाजले असते. तो सदूकडे वळला.

"सदूला नेनार म्हनतात," तो म्हणाला. "पान्याची जान असलेला पोरगा पायजे त्यांना."

पारवाडीने सदूला खांद्यावर घेतलं. नीराबाई रडायला लागली. रडता रडताही ती मला बघत होती की मी बघते आहे ना.

दुसऱ्या दिवशी धुळवड. पाहुण्यांना पोचवायला दोन्ही वाड्या मांडव्याच्या धक्क्यावर. दत्तू तोंडभर गुलाल लावून हसत होता, आणि मी त्या हसण्याकडे बघायचं टाळत होते. मी सकाळीच धर्मा पाटलाकडे जाऊन आले होते. लढाईच्या वर्षांत तो मुंबईच्या गोदीत होता. त्याला इंग्रजीची काही वाक्यं येतात, त्यातली बरीचशी बायकांपुढे बोलण्यासारखी नाहीत. पण मला हवं ते एक त्याने जुळवून दिलं. वाटेने मी ते घोकत आले. लाँच लागली, इंगा सगळ्यांना नमस्कार करत माझ्यापाशी आली, आणि मी नीराबाईकडे पाठ न करता, तिला दिसेल अशी उभी राहून म्हटलं,

"नेक्स्ट इयर, माय सन."

इंगा थबकली. तिने दत्तूकडे पाहिलं, मग माझे हात धरून ती बोलायला लागली. बरंच बोलली. मध्ये एकदा मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते त्यांच्या मानेवरून कळत नाही. मग लाँचीवाला ओरडला, आणि ती गेली.

मी दत्तूला विचारलं, "काय म्हनाली?"

तो समुद्राकडे बघत होता. "म्हनाली, व्हय."

"येवडं बोलली, आनि नुसतं व्हय?"

"त्यांच्यात व्हय लांब असतं, आये."

मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गुलाल फार होता. मग मी पदर सावरला आणि नीराबाईकडे वळले.

"ऐकलंव ना, वन्सं?"